पुलावर जाण्याआधी

चि. भाचेबुवांस,



तुझा मेसेज मिळाला. एवढं मोठं उत्तर फोनवर टंकायला माझी बोटं चालत नाहीत, आणि विषयही अंगठ्याने उरकण्यातला नाही, म्हणून कागद घेतला. तू पाठवलेलं रील पाहिलं. न्यूयॉर्कचा पूल, धुकं, पाठमोरा माणूस, गळ्यात टेनर सॅक्सोफोन आणि खाली सरकणारी अक्षरं: याने सगळं सोडलं, पुलावर गेला आणि अजरामर झाला. त्याखाली तुझा प्रश्न, की मीही बँड आणि कॉलेज सोडून वर्षभर नुसता रियाज करत बसू का?

रील खोटं बोलत नाही. सॉनी रॉलिन्स १९५९ च्या उन्हाळ्यात लोकांसमोर वाजवायचा थांबला, १९६१ च्या नोव्हेंबरात परत आला आणि मधल्या काळात विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवत राहिला. पण रीलमध्ये माणूस पुलावर नुसता उगवतो. तिथे तो कुठून चालत आला, घर कोण चालवत होतं, खाली उतरल्यावर पदरात काय पडलं, यातलं काहीच नाही. तुला निर्णय घ्यायचाय ना, मग सगळा हिशेब समोर असू दे.

त्याचा जन्म ७ सप्टेंबर १९३० चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांकडचे. वडील नौदलात, त्यामुळे बरेचदा घराबाहेर. आजी मोठी खमकी. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी मोर्चे निघायचे त्यात नातवाचा हात धरून चालायची. पोराच्या शाळेसमोर एक क्लब होता आणि तिथे लुई जॉर्डन वाजवायचा. हा जॉर्डन म्हणजे ब्लूज नाचत-हसत गाणारा आणि त्यातच ऑल्टो सॅक्सोफोन वाजवणारा बहाद्दर. त्याचा झकपक कपड्यांतला, चकाकत्या सॅक्सचा फोटो पोराने पाहिला आणि तिथेच त्याचं ठरलं. म्हणजे सुरुवात ब्लूजपासून, आणि खरं सांगायचं तर थोडी कपड्यांपासून. तेव्हा तुझ्या त्या लाल जॅकेटबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही.

पुढे कोलमन हॉकिन्स ऐकला आणि ऑल्टो सोडून टेनर धरला. जॅझमध्ये टेनर सॅक्सोफोनला मानाचं पान ज्याने मिळवून दिलं तो हा हॉकिन्स. तो याच्याच वस्तीत राहायचा. पोरगा फोटो घेऊन त्याच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायचा, सही मिळेपर्यंत. विशीच्या आत तो थेलोनिअस मंक या पियानोवाल्याच्या घरी तालमीला जायला लागला. एकोणिसाव्या वर्षी बड पॉवेल, फॅट्स नव्हारो असल्या नामांकित वादकांबरोबर त्याचं ध्वनिमुद्रण झालं. कॉलेज सोडायच्या गोष्टी करणाऱ्याने आधी हे वाचावं. गुरू शोधायला तो कुठे लांब गेला नाही. गल्लीतच होते, आणि हा त्यांच्या दाराशी चिकटून होता.

इथून पुढचं तुझ्या रीलमध्ये येणं शक्यच नाही. त्या पिढीतल्या कितीतरी वादकांना हेरॉइनने धरलं, तसं यालाही धरलं. ऑल्टोवाला चार्ली पार्कर हेरॉइन घेतो आणि पार्कर तर देवासारखा वाजवतो, मग त्या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध असणार, असं पोरांच्या डोक्यात बसलं होतं. १९५० साली रॉलिन्स सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात पकडला गेला आणि दहा महिने रायकर्स आयलंडच्या तुरुंगात राहिला. बाहेर आला, पुन्हा घ्यायला लागला, पुन्हा आत गेला.

जानेवारी १९५३ मधली एक गोष्ट आहे. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रणात रॉलिन्स होता आणि योगायोगाने पार्करही त्यात टेनर घेऊन वाजवणार होता. त्या दिवशी त्याने रॉलिन्सची चौकशी केली. सुटलास का रे त्यातून, अशा अर्थाची. रॉलिन्स म्हणाला, हो, सुटलो. पार्करला मनापासून बरं वाटलं. आणि मग त्याच दिवशी कुणाकडून तरी त्याला कळलं, की पोरगं खोटं बोललं. पार्करचा चेहरा कसा पडला ते रॉलिन्सने पुढे म्हातारपणापर्यंत अनेकांना सांगितलं. स्वतः त्या विषात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस, पण आपलं पाहून पोरं वाया जातायत हे त्याला सहन होत नव्हतं. रॉलिन्सने मनाशी ठरवलं की आता याला खरोखर सुटून दाखवायचं.

तो सुटलाही. १९५५ साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला व्यसनी लोकांसाठी सरकारी रुग्णालय होतं, तिथे तो आपणहून दाखल झाला. तो तिथे असतानाच, मार्चमध्ये, पार्कर गेला. वय चौतीस. दाखवायचं होतं त्यालाच दाखवायचं राहिलं.

लेक्सिंग्टनहून तो शिकागोला गेला. तिथे झाडलोटीची, अंगमेहनतीची कामं केली. क्लबांपासून मुद्दाम दूर राहिला, कारण क्लबच्या दारातच जुने दोस्त उभे असायचे, खिशात तीच पुडी घेऊन. माझ्या मते हा त्याचा पहिला पूल. इथे ना पाऊस होता, ना धुकं, ना कुणी फोटो काढणारा. हातात झाडू होता. म्हणून याचं रील निघत नाही. आणि खरं तर याच वेळी तो पुरता गेला असता.

त्याच वर्षाच्या शेवटी ट्रंपेटवाला क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमर मॅक्स रोच यांच्या पाच जणांच्या बँडमध्ये त्याला जागा मिळाली. ब्राउन पंचविशीचा, निर्व्यसनी, सरळ, आणि वाजवायला तर आग. चांगलं वाजवायला वाया जावं लागत नाही याचा जिताजागता पुरावा रोज रात्री शेजारी उभा राहायला लागला. रॉलिन्सच्या आयुष्यात या माणसाचं मोल किती असेल, विचार कर. हा सहवास पुरता वर्षभरही टिकला नाही.

आता १९५६ साल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुला ऐकायला शिकायचं असेल तर हेच वर्ष घे.

मे महिन्यात त्याने एक ध्वनिमुद्रण केलं, साथीला माइल्स डेव्हिसच्या बँडमधली पियानो-बास-ड्रमची मंडळी. त्यांच्याबरोबर टेनरवाला जॉन कोल्ट्रेनही सहज म्हणून स्टुडिओत आला होता. दोघांनी मिळून एकच तुकडा वाजवला, 'टेनर मॅडनेस'. हे दोघे एकत्र असलेलं एवढं एकच ध्वनिमुद्रण आहे. आणि वाजवलं काय? बारा बारचा ब्लूज. तू बँडमध्ये वाजवतोस तोच. चार-चार मात्रांचे बारा बार: पहिल्या चारांत म्हणणं मांडायचं, पुढच्या चारांत स्वरांची बैठक हलवून तेच पुन्हा म्हणायचं, शेवटच्या चारांत उत्तर देऊन घरी यायचं. की पुन्हा पहिल्यापासून. बारा मिनिटं तेच आवर्तन फिरतंय. आधी कोल्ट्रेन वाजवतो, मग रॉलिन्स. कोल्ट्रेनचा आवाज ताणलेला, धारदार; रॉलिन्सचा गोल, जाड, थोडा मिश्कील. शेवटी दोघे चार-चार बार वाटून घेतात तेव्हा डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न कर, कोण कुठला. आधी चुकशील. चुकू दे.

मग २२ जूनला न्यू जर्सीत हॅकेनसॅकला, रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या ध्वनिमुद्रकाने आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यातच जो स्टुडिओ मांडला होता तिथे, चार जणांनी 'सॅक्सोफोन कोलोसस' ही रेकॉर्ड केली. पहिलाच तुकडा 'सेंट थॉमस', आईकडून लहानपणी ऐकलेल्या कॅलिप्सोच्या चालीचा. पण तू शेवटचा ऐक, 'ब्ल्यू सेव्हन'. हाही ब्लूजच. आधी डग वॉटकिन्सचा बास एकटा चालत येतो, कुणाची वाट बघत असल्यासारखा. मग रॉलिन्स थोड्याच सुरांचा एक तुटक वाक्यांश टाकतो. तो नीट कुठल्या स्वरपट्टीत आहे तेही धड सांगता येऊ नये असा. आणि पुढची अकरा मिनिटं तो त्या वाक्यांशाला सोडत नाही. उलटवतो, शेपूट कापतो, मध्ये मोकळी जागा सोडतो, भलतीकडे जाऊन अचानक त्याच्यावर येऊन थांबतो. ख्यालगायक मोजक्या सुरांवर बढत करतो तेव्हा जसं आपल्याला कळत असतं की हा कुठेही गेला तरी काय धरून आहे ते विसरलेला नाही, तसं. त्यावर मॅक्स रोच ड्रमवर तोच धागा उचलतो. ड्रमवर, लक्षात घे! पुढच्या रविवारी तू तुझ्या ड्रमवाल्या मित्राला घेऊन हे ऐकलंस तर माझ्या पत्राचं पोस्टेज वसूल झालं.

ही रेकॉर्ड केली आणि चौथ्या दिवशी, २६ जूनला, क्लिफर्ड ब्राउन मोटार अपघातात गेला. बरोबर पियानोवाला रिची पॉवेल आणि त्याची बायको.

पुढची दोन-अडीच वर्षं रॉलिन्सचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पियानो काढून टाकून नुसत्या बास आणि ड्रमच्या साथीवर वाजवायची वाट त्याने धरली. पियानो नसला की मागून कॉर्ड भरून द्यायला कुणी नसतं, सगळी इमारत एकट्या सॅक्सला उभी करावी लागते. १९५७ ची 'वे आउट वेस्ट' अशीच. तिच्या वेष्टनावर तो वाळवंटात काउबॉयची टोपी घालून उभा आहे, अगदी गंभीर चेहऱ्याने. १९५८ ची 'फ्रीडम स्वीट' ही जवळपास वीस मिनिटांची एकच रचना, आणि सोबत त्याने छापलेल्या चार ओळींत अमेरिकेला खडसावलेलं, की ज्यांच्या संस्कृतीवर तुम्ही जगता त्यांनाच माणूस म्हणून वागवत नाही. एवढा गाजलेला वादक, पण काळा म्हणून न्यूयॉर्कमध्ये मनासारखं घर भाड्याने मिळत नव्हतं. आजीचे मोर्चे कुठेतरी मुरले होते.

त्याच वर्षी गुंथर शुलर या विद्वान संगीतकाराने 'ब्ल्यू सेव्हन'वर एक मोठा लेख लिहिला. सूर न् सूर मांडून दाखवलं की या माणसाचं तत्काळ सुचलेलं वादनही रचनेसारखं घट्ट असतं. जॅझवर तोवर इतक्या बारकाईने क्वचितच कुणी लिहिलं असेल. दुसरा कुणी असता तर कात्रण फ्रेम करून लावलं असतं. रॉलिन्सने वाचलं आणि त्याची पंचाईत झाली. आपण काय करतो ते आपल्यालाच असं समजावून सांगितलं गेल्यावर वाजवताना ते विसरायचं कसं? समीक्षा वाचायच्याच नाहीत, असं त्याने ठरवून टाकलं.

मी तुला जे सांगू पाहतोय ते इथे आहे. रॉलिन्स हरला म्हणून थांबला नाही. मागणी घटली म्हणून नाही, कुणी नावं ठेवली म्हणून नाही. लोक त्याला सर्वश्रेष्ठ म्हणत होते, तिकिटं काढून रांगा लावत होते, आणि त्याला मंचावर उभं राहिल्यावर स्वतःच्या वाजवण्यातली नेमकी भोकं ऐकू येत होती. लोक जे ऐकायला येतात ते आपण रोज देत नाही, आपल्याला फार लवकर फार मिळालं, असं त्याचं म्हणणं. म्हणून एकोणतिसाव्या वर्षी, तेजीत असताना, त्याने दुकान बंद केलं.

तो मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला ग्रँड स्ट्रीटवर राहायचा. टेनरचा आवाज म्हणजे भिंती हलवणारा. इमारतीत एक गरोदर बाई होती, तिला त्रास होईल याची त्याला धास्ती. एके दिवशी जवळच्या डिलान्सी स्ट्रीटवरून चालता चालता वर बघितलं तर पुलावर जाणाऱ्या पायऱ्या दिसल्या. चढून गेला. वर पादचाऱ्यांची लांबच लांब वाट, चिटपाखरू नाही. खालून मोटारी आणि धडधडत जाणारी रेल्वे, त्याखाली ईस्ट नदी, नदीत बोटी. कितीही जोराने फुंका, कुणाच्या कपाळावर आठी नाही. म्हणजे पूल निवडण्यामागे कसलंही काव्य नव्हतं. शेजाऱ्यांचा विचार होता. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने तुला पाठवलेली नोटीस मी वाचली आहे, त्यामुळे हा भाग तुला विशेष कळेल.

काही दिवस तो पंधरा-पंधरा तास वाजवायचा. उन्हात, थंडीत. गाडीच्या धडधडाटावरही आपला सूर आपल्याला ऐकू यावा इतका श्वास भरायचा. लांब सूर धरायचे, अगदी खालचे, ज्यांना सॅक्सोफोनवर सर्वांत जास्त दम लागतो. बोटींच्या भोंग्यांना तो सुरांनी उत्तर द्यायचा, आणि सांगायचा की कधी कधी बोटीही परत वाजवायच्या. कधी स्टीव्ह लेसी हा सोप्रानो सॅक्सवाला सोबतीला यायचा. घरी व्यायाम, वाचन, संगीतशास्त्राचा अभ्यास. पुढे एका पत्रकाराला हा माणूस पुलावर सापडला. त्याने १९६१ मध्ये मासिकात लेख लिहिला, पण भलेपणाने नाव बदललं आणि पूलही बदलून ब्रुकलिन ब्रिज केला, गर्दी होऊ नये म्हणून. आजच्या काळात हे कुणाला जमेल का, मला शंका आहे.

आणि घर? ल्युसिल पिअरसन. पुढे १९६५ मध्ये त्यांनी लग्न केलं, पण सोबत तेव्हापासूनची. ती नोकरी करायची. पुलावरचा माणूस रोज संध्याकाळी ज्या घरात परत जेवायला जायचा, तिथली चूल कुणाच्या पगारावर पेटत होती हे कुणी सांगत नाही. नंतर तिने त्याचा सगळा कारभार हातात घेतला, करार, पैसे, रेकॉर्डिंग, २००४ साली जाईपर्यंत. रॉलिन्सच्या चरित्रातून तिला वगळलं तर पूल कोसळेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो परत आला तेव्हा सगळ्यांच्या अपेक्षा आकाशाला भिडल्या होत्या. मधल्या काळात ऑर्नेट कोलमनने न्यूयॉर्कमध्ये येऊन जॅझचे नियमच मोडून टाकले होते, कोल्ट्रेन कुठल्या कुठे पोचला होता. मग दोन वर्षं तप केलेला हा माणूस काय चमत्कार आणेल? १९६२ मध्ये 'द ब्रिज' आली. जिम हॉलची मऊ गिटार, बॉब क्रॅनशॉचा बास, आणि रॉलिन्स आपला रॉलिन्ससारखाच. अनेक समीक्षक हिरमुसले. एवढ्यासाठी पुलावर गेला होता का, असा सूर निघाला. मला ती रेकॉर्ड फार आवडते. तिच्यात कुठेही घाई नाही आणि दाखवायची हौसही नाही. पण त्यांचं म्हणणंही मी समजू शकतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसला नाही, कारण जी भोकं बुजवली होती ती बाहेरच्यांना आधीही दिसली नव्हती. वर्षभर कोंडून घेऊन तू बाहेर येशील आणि तुझे मित्र म्हणतील, तू तर आधीसारखाच वाजवतोस. याची तयारी आहे का? नसेल तर सध्या बँड सोडू नकोस.

एक गोष्ट मध्येच सांगतो, पत्राचा विषय निघालाच आहे तर. १९६२ च्या ऑक्टोबरात रॉलिन्सने कोलमन हॉकिन्सला पत्र लिहिलं. ज्याच्या पायरीवर सहीसाठी बसायचा त्याच हॉकिन्सला. त्याचं वादन नुकतंच ऐकलं होतं आणि इतक्या वर्षांनंतरही हा माणूस जो दर्जा आणि सचोटी टिकवून आहे, त्याबद्दल आदर कळवायला लिहिलेलं पत्र. पुढच्या वर्षी दोघांनी एकत्र रेकॉर्ड केली, आणि तिथे मात्र शिष्याने गुरूला गोड गोड साथ दिली नाही. चक्क वेडेवाकडे, किंचाळणारे सूर काढले. गुरूसारखं वाजवणं हा गुरूचा मान नव्हे, असं त्याला वाटलं असावं.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. साठच्या दशकाच्या शेवटाकडे तो पुन्हा थांबला. धंद्यातल्या बनवाबनवीला विटला होता. योग आणि वेदान्त वाचत होता. आणि तो आला कुठे, तर मुंबईत, पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. तेव्हाची पवई म्हणजे टॉवर नव्हेत. तलाव, टेकडी, झाडी आणि थोडं पलीकडे नवं नवं आयआयटी. मुंबईत त्या काळात ताजपासून चर्चगेटपर्यंत गोवेकर वादक उत्तम जॅझ वाजवत होते, पण हा त्यासाठी आलाच नव्हता. तो काही महिने आश्रमात राहिला, बाकी साधकांसारखा. अडचण अशी की ध्यानाला बसलं की मन ठरत नव्हतं. त्याने ही तक्रार स्वामीजींपुढे मांडली. त्यांनी त्याला सांगितलं ते थोडक्यात असं, की तू वाद्य वाजवतोस ना, तेच तुझं ध्यान. वेगळं आसन कशाला मांडतोस? कर्मयोग आपल्याला शाळेपासून पाठ असतो म्हणून त्याचं काही वाटत नाही. त्याने ते इतकं मनावर घेतलं की पुढे पन्नास वर्षं मुलाखतींतून सांगत राहिला. कुठेतरी जाऊन बसायचं ही कल्पनाच त्याच्या डोक्यातून गेली असावी, कारण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परतल्यानंतर तो तसा लांब कधी थांबला नाही.

१९७८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला, पहिल्या जॅझ यात्रेत, धोबी तलावाच्या रंगभवनात वाजवायला. मी होतो तिथे, पार मागे, उभा. काय काय वाजवलं ते विचारू नकोस, नावं तेव्हाही कळली नव्हती. उघड्यावरचं नाट्यगृह, आजूबाजूला रस्त्याची वर्दळ, आणि तरी तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कमरेत हात घालून आल्यासारखा यायचा. पुलावर कमावलेला आवाज तो हाच, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

बाकीचं भराभर सांगतो. १९८१ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका रेकॉर्डवर तो वाजवून गेला, वेष्टनावर नावही नाही. तुझ्या बाबांकडे ती कॅसेट होती, विचार. १९८६ मध्ये सॉगर्टीजला दगडाच्या खाणीत उभारलेल्या एका मोकळ्या मंचावर चित्रीकरण चालू असताना त्याने ऐन वादनात कठड्यावरून खाली उडी मारली. टाच मोडली. उताणा पडला आणि पडल्या पडल्या वाजवत राहिला. माहितीपटात आहे हे सगळं. मला त्यातलं शौर्य वगैरे काही दिसत नाही, आधी हसूच येतं. आणि मग वाटतं, पडल्यावर या माणसाला आधी सूर आठवला, पाय नंतर. ११ सप्टेंबर २००१ ला तो वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही चौक अंतरावर, एकोणचाळिसाव्या मजल्यावर घरी होता. दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी केली तेव्हा सॅक्सोफोन तेवढा घेऊन जिने उतरला. वय एकाहत्तर. ल्युसिलने आग्रह धरला म्हणून १५ तारखेला बॉस्टनला ठरलेला कार्यक्रम केला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नंतर प्रसिद्ध झालं आणि त्यातल्या एका एकलवादनाला ग्रॅमीही मिळालं.

मग फुप्फुसांनी दगा दिला. शेवटचा कार्यक्रम २०१२ मध्ये. २०१४ मध्ये वाजवणं कायमचं थांबलं. ज्या माणसाने श्वासावर आयुष्य उभं केलं त्याचा श्वासच संपला. आधी फार खचला, मग सावरला. आपल्या वह्या, टिपणं, कागदपत्रं हार्लेममधल्याच शॉम्बर्ग संशोधन केंद्राच्या हवाली केली. त्या वह्यांतलं निवडक आता पुस्तकरूपात आलंय. बोटं कुठे ठेवायची, जबडा कसा धरायचा, काय खायचं, उद्या काय सुधारायचं, असं सगळं त्यात आहे. जगाने कोलोसस म्हटलेला माणूस स्वतःला सारखा गृहपाठ देत होता.

तर तुझा प्रश्न. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, पण उलट विचारतो. तुला नेमकं काय येत नाही? 'अजून चांगलं वाजवायचंय' हे उत्तर चालणार नाही, ते सगळ्यांनाच हवं असतं. खालचा बी-फ्लॅट फाटतो का? ब्लूजच्या शेवटच्या चार बारांत तुझ्याकडे बोलायला काही उरत नाही का? (मागच्या कार्यक्रमात मला तसं वाटलं.) की रीड, माउथपीस बदलत बसतोस आणि लांब सूर धरायचा कंटाळा करतोस? एका कागदावर लिही. यादी निघाली तर त्यातलं बहुतेक सकाळी कॉलेजच्या आधी दोन तासांत बसतंय का बघ. त्यात बसत नाही असं काही उरलं, तर मग पुलाचं बोलू. यादी निघालीच नाही तर बँडमध्येच राहा आणि तुझ्यापेक्षा बरं वाजवणाऱ्यांच्या दाराशी बसायला लाग. मुंबई-गोव्यात अशी माणसं अजून आहेत आणि ती फोनही उचलतात.

गणपतीत येशील तेव्हा 'टेनर मॅडनेस' आणि 'ब्ल्यू सेव्हन' माझ्याकडच्या रेकॉर्डवर ऐकू. टर्नटेबलचा पट्टा बदलून घेतलाय. कॉलेजचं काय ते तुझ्या आईशी तूच बोल. ती माझी धाकटी बहीण असली तरी मी तिला घाबरतो, आणि या प्रकरणात मी फार तर चहा करीन.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
मामा

ता. क. सेक्रेटरींशी भांडू नकोस. तुमच्या मागच्या गल्लीतल्या शाळेचं मैदान सकाळी सहाला उघडतं, वॉचमनला विचारून ठेव.